चिकू की राख

नलू, तुझ्या मानसीचं लग्न काल तलासरीला झालं. मांडव लहान, माणसं घरचीच, बँड नाही. तारीख हलवायची नाही असं तू जाताना बजावून ठेवलं होतंस, म्हणून कोणी हलवली नाही. तुझं तेरावं उरकलं आणि दोन्ही घरं डोळे पुसत कामाला लागली. जेवणात काय होतं, कोण रुसलं, विहीणबाई काय म्हणाल्या, हे सगळं सांगायचं आहेच. पण मी तुला ओळखते. तुला आधी एकच विचारायचं असणार. सुमन, पोरीच्या गालावर शेवटी काय लावलंस, चिकू की राख?

सांगते. पण माझ्या पद्धतीने सांगणार, पाल्हाळ लावून. आजवर मी दोन वाक्यं बोलले की तिसरं तू बोलायचीस. आता मध्ये तोडायला तू नाहीस, तर निदान एवढा फायदा मला घेऊ दे.

चिकू आणि राख म्हणजे काय, हे आपल्या दोघींशिवाय कोणाला कळणार? डहाणू रोडच्या आपल्या पार्लरमधल्या त्या दोन डब्या. त्यांच्यावर इंग्रजीत लांबलचक नावं होती, ती आपण कधी घेतली नाहीत. दोन्ही कंटूरच्या. गालाखाली, नाकाच्या दोन्ही अंगांना, जबड्याच्या कडेला कातडीहून थोडी गडद पावडर लावली की तिथे सावली पडल्यासारखं वाटतं आणि गोल चेहरा जरा कोरीव दिसतो, एवढाच तो खेळ. हल्लीच्या मुली मोबाइलवर बघून येतात आणि खुर्चीत टेकायच्या आधी विचारतात, कंटूर करता ना? सावळ्या चेहऱ्यावर हात थोडा इकडेतिकडे झाला तरी निभावून जातं. गोऱ्या चेहऱ्यावर काहीच निभावून जात नाही. रंग जरा गडद झाला की तोंड धुवायचं राहून गेलंय असं वाटतं, जरा तांबूस झाला की भाजल्यासारखं. त्यामुळे गोरी नवरी आली की आपलं भांडण ठरलेलं. मी म्हणायचे, उबदार तपकिरी लाव. तू म्हणायचीस, करडा लाव.

नावं पडली ती अच्छाडच्या लग्नात. हायवेवर ढाबा असलेल्या माणसाची मुलगी, इतकी गोरी की गळ्यावरच्या निळ्या शिरा लांबून दिसाव्यात. तिची ट्रायल आपण बऱ्याच आधी केली आणि माझी तपकिरी डबी तिला शोभली. लग्नाच्या आदल्या दिवशी घरच्यांनी तिला भरभरून हळद लावली. गोऱ्या कातडीत हळद किती मुरते हे आपल्याला सुचायला हवं होतं. आपण काही परदेशातून शिकून आलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी त्या पिवळ्या गालांवर मी तीच डबी फिरवली. खोलीत बल्बच्या उजेडात ठीक वाटलं. ती ढाब्याच्या अंगणात उन्हात आली तेव्हा गालांवर चिकूची साल चोळल्यासारखे दोन पट्टे. तू मला कोपऱ्यात ओढून म्हणालीस, "सुमन, घोलवडच्या चिकूंचं सगळं पीक हिच्याच गालावर काढलंस काय गं?" मग ओल्या स्पंजने तू ते पट्टे उतरवलेस आणि तुझी करडी डबी काढलीस. मी चिडून म्हटलं, लाव आता राख. तेव्हापासून माझी डबी चिकू आणि तुझी राख. ट्रायलला येताना नवरीने आदल्या दिवशी गालाला हळद लावून यायचं, हा आपला नियमही तेव्हापासूनच. बाकी पार्लरवाल्या हसायच्या आपल्याला.

राख हा शब्द आता तोंडातून निघत नाही बघ. लिहितानाही हात अडतो. तेव्हा दिवसातून दहादा म्हणायचो आणि काही वाटायचं नाही.

तुझी पद्धत मला कायम अजब वाटायची. नवरी आली की तू आधी डबी उघडायचीच नाहीस. तिला पार्लरच्या दारात उजेडात उभी करायचीस, आपला तळहात तिच्या गालाच्या वर आडवा धरायचीस आणि हाताची सावली गालावर पाडून टक लावून बघत राहायचीस. समोरचे रिक्षावाले माना वळवून बघायचे. एकदा आशागडच्या एका नवरीच्या आईने घाबरून विचारलं होतं, "दृष्ट काढताय काय बाई?" तू म्हणालीस, "नाही हो, सावलीचा रंग बघतेय." तिला काय समजलं कोण जाणे, पण तिने पदर सावरून नमस्कार केला. तुझं म्हणणं असं की गोऱ्या कातडीवरची सावली तपकिरी नसतेच. ती करडी असते, कधी जराशी जांभळट, आणि प्रत्येकीची वेगळी. बाईच्या अंगावर जी सावली खरी पडते तिच्याशी जुळणारी डबी घ्यायची, कातडीहून किंचित गडद, आणि हात हलका ठेवायचा. बाकी सगळी जाहिरात.

हे तुला शिकवलं कोणी, असं मी कितीदा विचारलं. तू म्हणायचीस, "आगरच्या बोंबलांनी." आगरात सगळं गाव उन्हात रापलेलं, त्यात तू एकटी गोरी. पोरं तुला पारशीण म्हणून चिडवायची. तुझी आई बांबूंवर बोंबील वाळत घालायची, आणि तू उन्हाने लाल होतेस म्हणून तुला त्या ओळींच्या खाली बसवायची. तिथे बसून तू आपल्या हातांवर पडलेल्या बोंबलांच्या सावल्या बघायचीस. "तेव्हाच बघितलं," म्हणालीस, "काळी नसते, तपकिरी पण नसते." मला ते अर्धं खरं आणि अर्धं माझी फिरकी घ्यायला रचलेलं वाटायचं. अजून ठरवता येत नाही. तुझी आई असती तर तिला तरी विचारलं असतं.

गोरेपणाचं मात्र तुला जराही कौतुक नव्हतं. कोणी मुलगी पुढ्यात बसून म्हणाली की मला गोरी करा, तर तू कंगवा खाली ठेवायचीस. "गोरं करायचं काम इथे होत नाही. तुझा चेहरा तुला नीट दिसेल एवढं करून देते, चालेल?" काही उठून जायच्या. मी म्हणायचे, गिऱ्हाईक घालवतेस. तू म्हणायचीस, मला लोकांनी जन्मभर रंगावरून हाक मारलीय, मी दुसऱ्याला मारणार नाही. यावर आपलं कधी भांडण झालं नाही. भांडण फक्त सावलीवर.

माझं म्हणणं साधं होतं. सावली खरी असेल, पण लग्नात खरं बघायला कोण येतं? गोऱ्या माणसावर करडा रंग चढला की ते आजारी वाटतं. चेहऱ्यावर थोडं ऊन पाहिजे. तू म्हणायचीस, "मग ऊन म्हण ना त्याला, कंटूर कशाला म्हणतेस?" मी म्हणायचे, "गिऱ्हाइकाला काय फरक पडतो?" तू म्हणायचीस, "मला पडतो." मग चहा. उंबरगावहून येणाऱ्या आपल्या गुजराती बेन तोंडावर फेसपॅक घेऊन डोळे मिटूनच म्हणायच्या, "तुम्ही दोघी निरांते भांडा, मला उतावळ नथी." निवांत भांडा, घाई नाही म्हणे! त्यांना आपलं भांडण ऐकायला आवडायचं, मला वाटतं त्या त्यासाठीच यायच्या.

आता रागाचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. तुझं रक्ताचं दुखणं मला कळलं ते वापीच्या हॉस्पिटलमधून मानसीचा फोन आल्यावर. तोवर तू रोज पार्लरला येत होतीस. मी धावत गेले आणि त्या खाटेवर तुला क्षणभर ओळखलंच नाही. गाल आत गेलेले, आणि त्या खळग्यांत थेट तुझ्या डबीचा रंग. मी चेहरे वाचून पोट भरते नलू. कोणाची झोप झाली नाही, कोणाला दिवस गेलेत, कोण नवऱ्याशी वाजवून आलंय, हे मला बाई खुर्चीत बसल्या बसल्या कळतं. आणि तू माझ्या शेजारी उभी राहून आतून संपत चालली होतीस आणि मला पत्ता नाही. तू सांगितलं नाहीस याचा राग आहेच. मला दिसलं कसं नाही, हे कोडं त्याहून मोठं. तू गेलीस तेव्हा आगरच्या बायकांनी तुला हिरवी साडी नेसवली, मळवट भरला आणि मला म्हणाल्या, "सुमन, बाकी तोंडाचं तू कर गो." मी पेटी उघडली आणि बंद केली. तुझे केस तेवढे विंचरले. विंचरताना मनात एकच चाललं होतं, का नाही सांगितलंस, का नाही सांगितलंस.

मानसीला तू लहानपणापासून ऐकवत आलीस की तुझ्या लग्नात तुला मीच नटवणार, राखच लावणार, सुमनला ब्रश धरू देणार नाही. पोरगी तुझ्याच रंगाची, तुझ्याच गालांची. त्यामुळे मला प्रश्नच पडला नाही. तुझा शब्द पाळायचा, राख लावायची. ट्रायलला ती नियमाप्रमाणे हळद लावून आली. मी तिला दारात उभी केली आणि तुझ्यासारखा तळहात धरला. नलू, तुझं खरं होतं. त्या पिवळट गालावरसुद्धा सावली करडीच पडली, कडेला जराशी जांभळट. इतकी वर्षं मी तुझ्याशी भांडले, पण स्वतः हात धरून कधी बघितलंच नव्हतं. तू असतीस तर मी हे तोंडाने कबूल केलं नसतं, हेही सांगून ठेवते.

मी राख उघडली. गालाखाली, जबड्याच्या कडेला हलक्या हाताने फिरवली, कडा मिटवल्या. इतकं सफाईदार काम माझ्या हातून क्वचित होतं. आरसा तिच्याकडे फिरवला. ती बराच वेळ बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "मावशी, पुसून टाक ना."

"का गं? आवडलं नाही?"

"छान केलंयस. पण ही हॉस्पिटलातली आई आहे."

मग मलाही दिसलं. तेच खळगे, तोच रंग. मी ओल्या कापसाने पुसलं.

आता काय करायचं? चिकू लावावी तर तुझा शब्द मोडला, तोही तू उलट बोलायला नसताना. राख लावावी तर पोरीला आपल्याच लग्नात आरशात तुझा शेवटचा चेहरा बघावा लागणार, आणि पुढे अल्बम उघडला की प्रत्येक वेळी. मी म्हटलं, काहीच नको लावूया, नुसतं काजळ आणि टिकली. तर मानसी म्हणाली, "लोक म्हणतील, आई नाही म्हणून पोर तशीच उभी केली." तेही खरंच होतं. लग्नापर्यंत मी घरात कोणाशी धड बोलले नाही. भाजीत मीठ दोनदा पडलं. सारखं वाटायचं, तुला एक फोन करून विचारावं आणि शिव्या खाव्यात.

काल सकाळी तलासरीला हॉलच्या मागच्या खोलीत मी दोन्ही डब्या घेऊन गेले. खिडकी चांगली होती, उजेड भरपूर. मानसी शालू नेसून बसली. मी चिकू उचलली. तुला सांगून उचलली हो, मनातल्या मनात. म्हटलं, नलू, भांडायचं असेल तर आत्ता भांड. ब्रश झटकला आणि नेहमीप्रमाणे गालाखालच्या खळग्याकडे नेला. तोच मानसीने माझं मनगट धरलं.

"तिथे नाही मावशी. वर. ह्या हाडावर, आणि इथे कपाळाच्या कडेला. आई तिथे लावायची."

"कोणाला?"

"स्वतःला."

मी म्हटलं, "तुझी आई पावडर आणि काजळाच्या पुढे कधी गेली नाही. आणि गेली असती तरी चिकूला तिने हात लावला नसता."

"चिकूच होती. घरी वेगळी डबी आणून ठेवलेली. पार्लरला निघायच्या आधी रोज लावायची. मला वाटलं तुला माहितीय."

मग तिने दाखवलं तिथे लावत गेले. गालाच्या हाडावर, कपाळाच्या कडांना, नाकाच्या शेंड्यावर अगदी जरासं. जिथे ऊन आधी पडतं तिथे. पट्टा नाही, साल नाही. हळदीत तो रंग विरघळून गेला आणि पोरगी नुकती अंगणातून आत आल्यासारखी दिसायला लागली. माझी डबी चुकीची नव्हती नलू, मी ती खड्ड्यात लावत होते. खड्ड्यात लावायची ती तुझी, वर लावायची ती माझी. मग ऊन म्हण ना, असं तू ओरडायचीस ते हेच ना? तुला हे आधीपासून ठाऊक होतं आणि भांडण संपेल म्हणून बोलली नाहीस? की आजारी पडल्यावर एका सकाळी आरशासमोर बसून पहिल्यांदा समजलं? तो ब्रश पहिल्यांदा वर टेकवावा असं तुला सुचलं कसं? मला हे इतकं जाणून घ्यायचंय की रडणं मागे पडतं. तू मला शिकवणार तरी कधी होतीस?

मानसीने आरशात बघितलं. "आता पार्लरला जाणारी आई," म्हणाली, आणि हसली.

तेवढ्यात भावोजी मुहूर्ताचं सांगायला आले. तुझा नवरा मुळात अबोल, तू गेल्यापासून तर त्यांचं बोलणं मानेवरच आलंय. ते मानसीकडे बघत उभे राहिले, मग माझ्या हातातल्या डबीकडे. "हीच ती," म्हणाले. "सकाळी खिडकीपाशी बसायची. हात कापायचे तिचे, म्हणून आरसा मी धरायचो."

मी म्हटलं, "भावोजी, तुम्ही तरी सांगायचं मला."

"शपथ घातली होती. रोज निघताना विचारायची, सुमनला कळेल का? मी म्हणायचो, मला काय समजतंय त्यातलं." मग त्यांनी विचारलं, "कळलं नाही ना तुम्हाला?"

"नाही."

"मग जमायचं तिला," ते म्हणाले, आणि खांद्यावरच्या उपरण्याने डोळे पुसून हारांचं बघायला गेले.

पुढचं लग्न मी बघितलं खरं, पण माझं डोकं आपल्या पार्लरमध्ये होतं. दिवाळीच्या सुमारास मी तुला म्हटलं होतं, काय गं, तब्येत सुधारलीय, तोंडावर तेज आलंय. तू म्हणालीस, आगरला जाऊन आले, उन्हात बसले होते. आणि त्याच दुपारी पालघरच्या त्या गोऱ्या नवरीवरून आपण कडाकडा भांडलो. म्हणजे गालावर चिकू लावून तू राखेची बाजू घेऊन माझ्याशी भांडत होतीस. एक पापणी हलली नाही तुझी. पाठवणीला सगळे रडत होते आणि मला ते आठवून हसू फुटलं. तुझ्या आगरच्या काकूने कोपर मारलं, "काय गो, हसतंस काय?" काय सांगणार तिला. मग हसता हसता मीही रडले, तेव्हा तिचं समाधान झालं.

आणि हो, विहीणबाई. त्यांनी मानसीची हनुवटी वर केली आणि म्हणाल्या, "पोर अगदी आईवर गेलीय." त्यांनी तुला बघितलं ते साखरपुड्यात. म्हणजे कुठल्या चेहऱ्याची त्यांना आठवण आहे, ते तूच बघ. जेवणात बासुंदी होती, जरा पातळ. कोणी रुसलं नाही, रुसायला कोणाच्यात जोरच नव्हता.

आज पार्लर उघडून बसलेय. सकाळपासून एक भुवया करणारी येऊन गेली, तेवढंच. तुझी खुर्ची रिकामी आहे आणि मी राग शोधतेय. इतके दिवस होता, आज हाताला लागत नाही. तू सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं, याचा नीट विचार करून बघितला. पहिलं म्हणजे तुझ्या सगळ्या नवऱ्या दुसऱ्या पार्लरला पाठवल्या असत्या. उभी राहू नकोस म्हटलं असतं, पाण्याची बादली उचलू नकोस, बोलू नकोस, दम लागेल. सावलीवरून तू काही म्हणालीस की लगेच बरोबर म्हटलं असतं, कारण आजारी माणसाशी कोण भांडतं? दुपारी डबा घेऊन तुझ्या घरी आले असते, दोन घास भरवले असते, आणि तू खाटेवर पडून माझ्याकडे नुसती बघत राहिली असतीस. हे सगळं तुला आधीच दिसलं होतं. तुझा अंदाज चुकला नाही. मी तुला घरी बसवलं असतं नलू. नक्की बसवलं असतं.